चौदा मास्तर, चौदा शाखा

मास्तरांचे पगार चेकनं द्यायचं बंद झालं आणि थेट बँकेत पडणार असं ठरलं, तवा मी शिक्षणसंस्थेच्या मंगळवार पेठेतल्या हापिसात तीन महिन्यांच्या बोलीवर कॉम्प्युटरला बसलतो. सेक्रेटरीसाहेबांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "बँकेनं यादी परत धाडली, तर तू बी परत घरी."

साहेब केबिनमध्ये गेल्यावर मी तेच वाक्य त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं. पाठमोरे बसलेले हेडक्लार्क अण्णा दचकून उभेच ऱ्हायले. मग वळून बघितलं आणि मला फूटपट्टी फेकून मारली.

यादीत प्रत्येक मास्तराच्या नावापुढं त्याच्या बँकशाखेचा कोड. अकरा खुणांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, मागचे सहा आकडे शाखेचे. शेकड्यानं मास्तर, डोळ्यांनी तपासलं असतं तर बुबुळं गळून पडली असती. म्हणून डेटाबेसला क्वेरी, म्हणजे सवाल, टाकली. अकरापेक्षा कमी-जास्त झालेले दाखव, पाचव्या जागी शून्य नसलेले दाखव. नऊ घावले. फोन करून नीट केले. परत क्वेरी टाकली, एक बी चूक न्हाय. मी खुर्चीतच गिरकी घेतली.

मग नुसती हौस म्हणून विचारलं, कुठल्या शाखेत किती मास्तर? जयसिंगपूरची शाळा झ्याक, सगळे एकाच शाखेत. मलकापूरला मात्र बँक एकच, पण चौदा मास्तर आणि शाखा बी चौदा! शेवटचे आकडे एकवीस, बावीस, तेवीस, हजेरीपटावानी ओळीनं.

अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "मलकापुरात त्या बँकेची एकच शाखा हाय की रं. बाकीच्या तेरा काय आंबा घाटात हायत?"

बँकेनं दिलेल्या शाखांच्या यादीशी जुळवून बघितलं. एक मास्तर नांदेडला निघाला, एक गोंदियाला, दोघं तर कुठंच न्हाईत. आणि कोड प्रत्येकाचा दिसायला चोख! चार वाजता यादी बँकेत द्यायची, आणि तीन वाजून गेलते.

मलकापूरच्या हेडमास्तरांना फोन लावला. "सर, तुमच्या सगळ्यांचा कोड एकच पायजे."

"कोण बोलतंय?"

"कॉम्प्युटरवाला."

"बाळ, मला शिकवू नको. चौदाच्या चौदा जणांनी फॉर्मवर एकच नंबर लिहिलता. जन्म गेला माझा पेपर तपासण्यात, कॉपी कळत न्हाय व्हय मला? पहिल्याचा ठेवला, बाकीच्यांना ओळीनं पुढचे दिले." आणि फोन आपटला.

"अण्णा, मीच बदलू?"

"हेडमास्तरची सही हाय त्या कागदावर. त्यांनी लिहून दिल्याबिगर आकडा हलायचा न्हाय."

मी परत फोन फिरवला. घसा खाकरला. "सेक्रेटरी बोलतोय. ह्यो नंबर शाखेचा असतोय, माणसाचा न्हाय. तुमच्या चौदा जणांच्या शाळेचा पत्ता एकच हाय न्हवं? मग ती काय कॉपी हाय?"

पलीकडं खुर्ची सरकली. "न्हाय साहेब! आत्ता फॅक्स करतो साहेब!"

फोन ठेवून वळलो, तर साहेब दारात. अण्णा एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी हुडकायला लागले.

"मी असा बोलतो?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय साहेब. तुम्ही... जरा गोड बोलता."

साहेबांचं पोट आधी हललं, हसू मागनं आलं. म्हणाले, "फॅक्स आला का बघ. हसायचं नंतर."

आला. तेरा कोड बदलले, सगळ्या क्वेऱ्या परत चालवल्या आणि यादी घेऊन सायकलवर बँकेत पळालो. चारला पाच कमी होती.

तिसऱ्या दिवशी पगार पडले. मलकापुरापासनं जयसिंगपुरापर्यंत एक बी परत आला न्हाय. साहेबांनी माझ्या नेमणुकीच्या कागदावरचं 'तीन महिने' खोडून 'कायम' लिहिलं. अण्णांनी लगेच सगळ्या हापिसाला भडंग आणि चहा सांगितला, आणि चहावाल्या पोऱ्याला माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पैसं त्या पावण्याकडनं घे. आता कायम झालाय त्यो."