मामांचा लॉकवाला चाकू

"लॉक बघ आधी. पातं मंग."

हे वाक्य बोलताना मामा उजव्या हाताचं पहिलं बोट समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. ते बोट अर्धंच होतं. तरुणपणी शिडीवर उभं राहून काथ्या कापताना बिनलॉकचा चाकू फटकन मिटला आणि बोटाचं वरचं पेर खाली चाललेल्या पंगतीत पडलं. कुणाच्या ताटात पडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "लापशी हुती त्या दिवशी. कळलं नसंल कुनाला," एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघत बसायचे.

मामा, म्हणजे सगळ्या गावाचेच मामा, आमच्या श्रीगोंद्याकडचे मंडपवाले आणि मी स्पीकरवाला. लग्न, साखरपुडा, सप्ताह, सभा, दहावा, काहीही असो, मांडव त्यांचा आणि आवाज माझा. तुम्ही लग्नाला जाता तेव्हा नवरी बघता, जेवण बघता, कुणी कुणाला टोपी घातली आणि कुणाला विसरले ते बघता. वरचं छत कुणीच बघत नाही. मामांची हीच तक्रार होती. "देवाचं आन् मंडपवाल्याचं येकच दुखणं," ते म्हणायचे, "पडल्याबिगर कुनी वर बघत न्हाई."

लॉकचं तत्त्वज्ञान त्यांनी चाकूपुरतं ठेवलं नव्हतं. गावात कुणाला स्थळ आलं की मामांचं मत विचारायची पद्धत पडली होती, कारण तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे पाइप त्यांनीच रोवलेले. "पोरगा झ्याक हाय," ते म्हणायचे, "पर लॉक न्हाई त्याला. कवा मिटंल सांगता यायचं न्हाई." मुंबईतलं सरकार बदललं की टीव्हीकडे अर्धं बोट करून, "बिनलॉकचं हाय," असा निकाल द्यायचे. माझ्याबद्दल तर कायमचा निकाल होता. "स्पीकर, तुज्या त्वांडाला लॉक बसवून घे येकदा नगरहून."

चाकू घ्यायला ते नगरलाच जायचे. पाटीवर आता अहिल्यानगर आलं आहे, पण मामांच्या तोंडात नगरच राहिलं. एकदा मी सोबत गेलो होतो आणि परत कधी जाणार नाही असं ठरवून आलो. लोक चाकू घेताना बोटाने धार बघतात. मामा धारेकडे बघायचेही नाहीत. "धार घरी लावता येती. लॉक घरी लावता येत न्हाई." चाकू उघडायचा, आतली पत्ती पात्यामागे खट्‌कन बसली का ते कान लावून ऐकायचं, आणि मग पात्याची बोथट बाजू दुकानदाराच्या काउंटरवर दाणकन आपटायची. लॉक कच्चा असेल तर चाकू मिटतो. दुकानदार ओरडायचा, "अहो मामा, काच आहे!" मामा म्हणायचे, "माजं बोट पन हाडाचंच हुतं."

मग डाव्या हाताने उघडून बघायचं. उजवा हात पाइपला धरलेला असतो, म्हणून. मग हात पाण्यात भिजवून मूठ सरकते का ते बघायचं. दुकानदार बिचारा पाण्याचा तांब्या आणून द्यायचा. मग खिशात चाकू आपोआप उघडू नये म्हणून मुठीवरचं सरकबटण किती घट्ट आहे ते बघायचं, आणि ही तपासणी मामा भर दुकानात बसफुगड्यांसारख्या उठाबशा काढून करायचे. दिवस मावळायला आला तेव्हा काळ्या मुठीचा, दोन बोटं रुंद पात्याचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा एक दणकट चाकू पसंत पडला. दुकानदाराने सुटकेचा श्वास सोडला. मी त्याच्याहून मोठा सोडला.

हा चाकू मामा करदोड्याला बांधायचे. थट्टा नाही. नायलॉनची दोरी, तिचं एक टोक चाकूला, दुसरं लेंग्याच्या आत करदोड्याला. शिडीवरून हात सुटला तरी चाकू खाली नवरीच्या डोक्यात पडायला नको, असा त्यामागे विचार होता. विचार उत्तमच. पण भर मंडपात आमदारांच्या स्वागताला चाललेला माणूस लेंग्यात हात घालून दोरी ओढू लागला की बायका तोंडाला पदर लावायच्या.

दुसऱ्याच्या हातात मात्र ते चाकू कधी देत नसत. कुणी मागितला तर मिटायचा, जमिनीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "उचल." हातात चाकू दिला की भांडण लागतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. मामींच्या हातात तर त्यांनी जन्मात चाकू दिला नाही. भांडण तरीही रोज व्हायचं.

आता गंमत ऐका. तालुक्यातला सगळ्यात भारी चाकू जवळ बाळगणारा हा माणूस दोरी कापू द्यायचा नाही. "गाठ बांधली ती सोडायची. कापायची न्हाई." मांडव उतरवताना त्यांचे गडी नखं मोडेपर्यंत गाठी सोडवत बसायचे. कुणी घाईत सुतळी कापली तर मामा दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत, घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसायचे. मग चाकू कशाला? नवी दोरी मापाने तोडायला, बांबू तासायला, कुणाच्या टाचेतला बाभळीचा काटा काढायला आणि कलिंगड चिरायला. "एवढ्यासाठी एवढा चाकू?" असं मी एकदा विचारलं. "येळ सांगून येती का?" ते म्हणाले.

निवडणुकीच्या नाकाबंदीत एकदा पोलिसांनी आमचा टेम्पो अडवला. झडतीत हवालदाराचा हात दोरीला लागला आणि दोरीमागून चाकू आला.

"हे काय आहे?"

"अवजार हाय सायेब."

"हत्यार दिसतंय."

"तुमच्याच मंत्र्यांच्या सभेचा मांडव घालाया निघालोय. दातानं घालू का?"

प्रकरण चिघळणार असं वाटत होतं. तेवढ्यात मामांचं लक्ष पोलिसांच्या अडथळ्याच्या बांबूकडे गेलं. "ही गाठ कुनी मारली?" ते असे कडाडले की हवालदार दचकला. मामांनी ती गाठ सोडली, नवी मारली, दोनदा ओढून दाखवली आणि टेम्पोत येऊन बसले. आम्हाला सोडलं, कारण परत त्यांच्याशी बोलायची कुणाची तयारी नव्हती.

तर असा हा माणूस. लोक हसायचे, पण मांडव मामांचाच हवा असायचा. त्यांचा मांडव कधी हलला नाही, ही त्यांची अब्रू होती. ती एका दुपारी गेली.

लग्न त्यांच्या लंगोटीयाराच्या मुलीचं. दोघांनी गुरं एकत्र राखलेली, नापासही एकत्रच झालेले. मित्राच्या मुलीचं लग्न म्हणून मामांनी छताला कोरं कापड काढलं, पांढरंशुभ्र, गुलाबी झालरीचं. वैशाखातली दुपार, मुहूर्त टळून गेलेला, कारण शुभाशीर्वाद चालू होते. आपल्याकडे नवरा-नवरीला अंतरपाटाआड उभं करून पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद ऐकवायची चाल आहे. कारखान्याचे एक माजी संचालक माइकवर होते आणि नवदांपत्याला ऊस उताऱ्याचं महत्त्व सांगत होते. लोक जेवणाच्या वासावर तग धरून बसले होते.

तेवढ्यात वावटळ उठली. नुसती धूळ असेल असं वाटलं, पण मागून वाऱ्याचा लोटच आला आणि उघड्या बाजूने मांडवात घुसला. छत फुगलं. मी माझ्या मशीनशेजारच्या पाइपला धरून उभा होतो. जमीन मुरमाड, पाइप वीतभर गाडलेला. तो पाइप माझ्या हातात वर आला. खरं सांगतो, जमिनीतून उपटत वर आला आणि माझ्या टाचा उचलल्या गेल्या. वर लोखंड आणि खाली सगळं गाव, बायका, तान्ही पोरं.

"उठा! भाईर व्हा!" मामा ओरडले. कुणी हललं नाही. उठलं तर पहिल्या पंगतीची जागा जाते.

मग मामा शिडीवर दिसले. उजव्या हाताने पाइपला मिठी, डाव्या हातात चाकू. ज्या माणसाने सुतळी कापू दिली नाही, त्याने कोऱ्या छतात पातं खुपसलं आणि शिडीवरून अंग बाहेर झोकत या टोकापासून त्या टोकाला फाडत नेलं. मग शिडी सरकवून दुसरी पट्टी. फाटलेल्या जागेतून वारा वर निघून गेला, माझा पाइप धप्पकन खाली बसला. शेवटची पट्टी व्यासपीठावरची होती. ती झालरीसकट माजी संचालकांवर पडली आणि कापडाखालून आवाज येत राहिला, "तरी उभयतांनी..."

माइक चालू होता. मी बंद करायला हवा होता, पण मी पाइप धरून रडत होतो.

आणि मग, काय सांगू, वारा थांबला. साफ थांबला. मोजून चार थेंब पडले आणि ऊन आलं. फाटक्या छतातून लखलखीत ऊन अंतरपाटावर पडलं. लोक वर बघू लागले. पहिल्यांदाच सगळ्या गावाने मामांच्या मांडवाकडे वर बघितलं.

"माझ्या पोरीच्या डोक्यावरचा मांडव फाडलास?" नवरीचे वडील म्हणाले. "मुहूर्ताला? आरं, वारं आलं आन् गेलं की!"

"पाइप उचलला हुता," मामा म्हणाले.

"कुठं उचललाय? सगळे हायेत की जाग्यावर!"

मामांनी चाकू मिटला. मांडव उडून चार जण मेले असते तर मामांचं म्हणणं खरं ठरलं असतं. कुणीच मेलं नाही, म्हणून ते खोटं ठरलं.

संचालकांची कापडातली धडपड संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचली. त्यांनी हा राग जन्मभर धरला. त्यांच्या सभा खालच्या आळीतल्या दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेल्या, आणि सभांमागून लग्नंही गेली. मामांना लोक 'मांडवफाड्या' म्हणू लागले. त्या नवरीचं सगळं उत्तम झालं, दोन मुलं झाली, पुण्यात फ्लॅट झाला. पण नातवाला सर्दी झाली तरी तिचे वडील पारावर म्हणायचे, "मांडव फाटला ना त्या दिवशी." मित्राशी ते परत एक शब्द बोलले नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं. हॉटेलात सांगितलं, एसटीत सांगितलं, एकदा तर सप्ताहात माइकवरून सांगितलं. पण स्पीकरवाल्याचं कोण ऐकतो? तो हॅलो हॅलो म्हणायलाच असतो असं लोकांना वाटतं.

मामांचं मला फार वाईट वाटायचं. लोकांच्या बोलण्याचं त्यांना एवढं काही नव्हतं. पण हळूहळू त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. लहानसहान कामं मिळायची, बारसं, जागरण. मशीन जोडत असलो की जवळ येऊन बसायचे.

"ए स्पीकर. उचलला हुता ना रं?"

"उचलला होता मामा. मी धरला होता."

"येवढा?" अर्ध्या बोटाने दाखवायचे.

"त्याच्याहून जास्त."

"मंग बरं," म्हणायचे. आणि पुढच्या कामाला परत विचारायचे. मी कधी कंटाळलो नाही. त्या एका प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. दहाव्याला ओढ्याकाठी मांडव होता तो खालच्या आळीतल्या मंडपवाल्याचा. मशीन माझं. गर्दी बरीच जमली. हयातीत टिंगल करणारे दहाव्याला न चुकता येतात. माजी संचालकही आले, कारण झेडपीची निवडणूक तोंडावर होती. "मामांचे आणि माझे घरोब्याचे संबंध," त्यांनी सुरुवात केली. मी आवाज थोडा खाली घेतला. स्पीकरवाल्याला एवढाच अधिकार असतो.

नवरीचे वडीलही आले होते. पुढे येऊन बसले नाहीत, कडेला एका पाइपला धरून उभे राहिले. मामी बायकांत बसल्या होत्या. दहा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, असं शेजारणी सांगत होत्या.

भाषण रंगात आलं आणि ओढ्याकडून वारा सुटला. आधी धूळ, मग लोट. छत फुगलं. संचालक बोलता बोलता थांबले. त्यांनी वर बघितलं आणि, खोटं सांगत नाही, वाक्य अर्धवट टाकून उन्हात पळाले. बसलेली माणसं उठली. ज्याच्या हाताशी जो पाइप आला तो त्याने धरला. सगळा गाव पाइपांना लोंबकळत होता.

तेवढ्यात कडेने एक आवाज फुटला. नवरीचे वडील पाइप दोन्ही हातांनी दाबत होते, आणि पाइप त्यांना घेऊन वर येत होता.

"आरं, उचलतोय!" ते ओरडले. "आरं, उचलतोय की रं ह्यो!"

मामी बायकांतून उठून उभ्या राहिल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "त्ये दुसरं काय सांगत हुते तुमास्नी?"

आणि तिथेच, वाऱ्यात उभ्या राहून, त्या मोठ्याने रडू लागल्या.