बुडबुडे चालू आहेत ना?

माशांच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. काचेवर शेवाळ आणि डोक्यात किस्से. शेवाळाला ब्लेड लावलं की ते निघतं. किस्से निघत नाहीत, कारण ते पैदा करणारी मोठी माणसं रोज संध्याकाळी येऊन माझ्याच स्टुलावर बसतात!

दुकान बल्लारपूरला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. आठ बाय दहा. मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते ज्याला त्याला सांगून झालंय, आता नाही सांगणार. सोडलं त्या दिवशी दुपारी गाढ झोप लागली, एवढं पुरे.

बाबा माजरीकडच्या कोळसा खाणीत, वर्कशॉपला फिटर. रोज पॅसेंजरने जाणं-येणं. दुकान उघडलं तेव्हा त्यांनी एकदाच निकाल दिला. "पोळ्यापर्यंत पाहतो. नाई चाललं त शटर खाली, अन् माह्यासंगं खाणीत. ठेकेदाराले सांगून ठेवलं हाय." त्यानंतर बोलणं बंद. बोललेच तर टोमणा. दुकानात पाऊल नाही.

मग दुकानात येतं कोण? बाबांच्याच वयाचे शौकीन. यांना मासे पाळायचे असतात, पण माशांना श्वास लागतो हे मान्य नसतं! मासा पाण्यात विरघळलेली हवा घेतो. ती संपली की वर येऊन तोंड उघडतो. तरी नाही मिळाली की आडवा होतो. म्हणून एअर पंप, नळी, नळीच्या टोकाला बारीक भोकांचा दगड, त्यातून बुडबुडे. एवढंच शास्त्र. हे मी दुकानात दिवसातून दहा वेळा सांगतो, आणि समोरची वडीलधारी मंडळी मान डोलावून घरी जाऊन नेमकं उलटं करते.

* * *

पहिला मान उरकुडे काकांचा. काका सरकारी कचेरीत क्लार्क. दोन फुटी टँक नेला, सहा गोल्डफिश नेले. आठ दिवसांनी दुकानात आले ते डोळ्यांत पाणी घेऊन.

"मंग्या, माया लावली ना, त मुकं जनावरही ओळखते बे! मी ऑफिसातून आलो का सगळेच्या सगळे वर येतात. तोंड उघडून पाहतात माह्याकडं. बायको नाई येत इतक्या लवकर दारात!"

मी विचारलं, "काका, पंप चालू असतो ना दिवसभर?"

"सकाळीच बंद करतो. सारे आपापल्या कामाले जातात, घरी पाहणारं कोनी नाई. बुडबुडे कोनासाठी सोडाचे?"

"काका, ते तुम्हाला नमस्कार नाही करून राह्यले! मरून राह्यले!"

काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "म्हंजे पंप चालू ठेवला त येणार नाईत ते वर?"

आणि चेहरा असा पाडला, जणू मासे वाचणार याचंच त्यांना वाईट वाटत होतं!

* * *

दुसरे वांढरे सर. रिटायर्ड विज्ञान शिक्षक. आम्हाला आठवीला होते. तेव्हा प्रश्न विचारला की बाकावर उभं करायचे. आता स्वतः माझ्या स्टुलावर बसून मला शिकवतात.

सरांनी पंप घेतलाच नाही. "मंगेश, वनस्पती ऑक्सिजन सोडतात. निसर्गात कुठे पंप असतो का?" गावच्या तलावातून पाणवनस्पतींचं भारंभार गाठोडं आणून त्यांनी टँकमधे कोंबलं. मासा शोधायला हात घालावा लागे.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, मासे सुस्त आहेत. मी गेलो. सरांनी टँक आतल्या खोलीत, कपाटाच्या बोळकांडीत ठेवला होता, आणि वरून जाड चादर! माशांना प्रकाशाचा त्रास नको म्हणून!

"सर, अंधारात वनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत. उलट घेतात. तुम्हीच शिकवलं होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तो भाग त्या वर्षी परीक्षेला नव्हता."

* * *

मोठ्या माणसांत एकच माणूस मला पटला. गेडाम भाऊ, फॉरेस्ट गार्ड. घर बल्लारपूरला, ड्युटी एटापल्लीकडे. क्वार्टरवर करमत नाही म्हणून त्यांनी तिकडे टँक नेला. मी म्हटलं, "भाऊ, तिथे लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. पंप कशावर चालवाल?"

"पाहतो ना मी."

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तर थक्क! जीपची जुनी ट्यूब, सायकलच्या पंपाने टम्म फुगवलेली. तिच्या तोंडाला सलाईनची नळी. नळीवरचं ते छोटं चाक अर्धं आवळलेलं. टोकाला दगड, टँकमधे बारीक बुडबुडे. एकदा हवा भरली की अर्धा दिवस निश्चिंती. पॉलिटेक्निकमधे दोन वर्षांत कोणी मला एवढं कामाचं दाखवलं नव्हतं.

पण किस्सा पुढेच आहे. रेंजर साहेब दौऱ्यावर आले आणि क्वार्टरसमोरच त्यांच्या जीपचं चाक बसलं. स्टेपनी आधीच पंक्चर. ड्रायव्हरने खिडकीतून आत पाहिलं आणि ओरडला, "साहेब, इथी ट्यूब हाय! हवा भरलेली हाय!"

साहेब आत आले. गेडाम भाऊंनी आधी कडक सॅल्यूट ठोकला. मग टँकसमोर आडवे उभे राहिले.

"साहेब, ही ट्यूब ड्युटीवर हाय."

साहेब दीड तास व्हरांड्यात बसले. सायकलवर गेलेला माणूस दुसरी ट्यूब घेऊन आला तोवर त्यांनी तीन वेळा आत जाऊन मासे पाहिले म्हणे.

* * *

उरकुडे काका परत! त्यांना कोणीतरी सांगितलं, मरळ नावाच्या तळ्यातल्या माशाला पंप लागत नाही, तो वर येऊन थेट हवा घेतो. गोष्ट खरी आहे. पुढची गोष्ट सांगणाऱ्याने सांगितली नाही, आणि काकांनी विचारली नाही. विचारायची सवय या पिढीला नाहीच. सांगायची आहे.

काकांनी बाजारातून जिवंत मरळ आणला आणि गोल्डफिशच्या टँकमधे सोडला. पंप काढून कपाटात ठेवला.

चार दिवसांनी पंप परत करायला दुकानात हजर. "घे बे तुहा पंप. आमच्या टँकले काही लागत नाई आता. मरळ मस्त गुबगुबीत झाला हाय."

"आणि गोल्डफिश?"

"त्याईले बी काही लागत नाई आता."

* * *

उन्हाळ्यात लोडशेडिंग सुरू झालं. दुपारी तासन् तास लाइट नाही, दुकानात दहा टँक. मी मगाने पाणी उचलून वरून ओतायचो, एका टँकवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. हात भरून आले की नळी तोंडात धरून फुंकायचो. थोडं तरी पाणी हलतं.

एकदा असाच गाल फुगवून फुंकत होतो. गालांना मुंग्या आलेल्या. दारात वांढरे सर. मदत? छे!

"मंगेश, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तू माशांना विष देऊन राह्यला आहेस."

मी नळी काढली. "सर, तुम्ही वर्गात तीस वर्षं तेच सोडत होते. आम्ही वाचलो ना?"

सर तडक गेले ते थेट बाबांकडे. रात्रीच्या जेवणाला बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "एवढ्या जोरानं अभ्यासात फुंकला असता त इंजिनेर झाला असता."

हसू येतं आता. त्या दिवशी जेवण टाकून उठलो होतो.

* * *

आता शेवटचा. हा हसत सांगू शकतो, कारण लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला पाच फुटी टँक आज चालू आहे आणि माझं शटर वर आहे. तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता.

श्रावण चालू होता, पोळा जवळ आलेला. डॉक्टरांनी टँकचं काम मला दिलं होतं. मासे नीट पोचले तर गावभर नाव, मेले तर ठेकेदार. नागपूरहून गोल्डफिशच्या तीन मोठ्या पिशव्या घेऊन मी पॅसेंजरने निघालो. पिशवीत थोडं पाणी असतं आणि वर सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन भरून रबराने तोंड आवळलेलं असतं. दिवसभर काही होत नाही. कोणी हात लावला नाही तर.

सोबत वांढरे सर होते. नागपूरला मुलीकडे गेले होते, स्टेशनवर भेटले, चिकटले.

वरोऱ्याला मी पाणी प्यायला उतरलो. परत चढलो तर सर तिसऱ्या पिशवीला रबर लावत होते.

"काय केलं सर?"

"अरे, किती वेळचे कोंडलेत बिचारे! तिन्ही पिशव्या उघडून जुनी हवा काढली. आता ताजी भरली आहे."

माणसाने तीस वर्षं ऑक्सिजन शिकवला, आणि तो हातात आला तेव्हा खिडकीबाहेर सोडून दिला!

माजरीला पहिल्या पाळीची माणसं चढली. त्यात बाबा. मला पाहिलं, पिशव्या पाहिल्या, आणि पलीकडच्या बाकावर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे सोबती गप्पांत. गाडी ताडाळीला येऊन थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडी बंद पडली होती. अर्धा तास, पाऊण तास. डब्यात घामाची अंघोळ. तिन्ही पिशव्यांतले मासे वर आले, तोंडं उघडायला लागले.

दाराजवळ एक म्हातारी ढिवर बाई, आमच्याकडची कोळीण, बसली होती, पोंभुर्ण्याकडची. तळ्यात सोडायला माशांचं बी, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, घेऊन चालली होती. समोर ॲल्युमिनियमचे दोन हंडे. एकात पिल्लं, आणि त्या पाण्यात तिचा हात सारखा चालू. छप, छप, छप. मी मघापासून पाहत होतो. बाईचा डोळा लागला होता, मान छातीवर पडली होती, पण हात चालूच होता!

मी तिच्यापुढे पिशवी धरली. तिने एक डोळा उघडला.

"कोनं सोडली यातली हवा?"

मी सरांकडे पाहिलं. बाईनेही पाहिलं. "मास्तर हाय का हा?"

"हो. कसं ओळखलं?"

"कोनाले विचारलं नसन म्हनून."

दुसरा हंडा रिकामा होता, बी कमी मिळालं होतं. तिने तिन्ही पिशव्या त्यात ओतायला लावल्या. मी हात मारायला लागलो तर माझ्या मनगटावर चापट बसली. "थापा काय मारतं? भाकर हाय काय ते? ओंजळ कर. पाणी उचल अन् पाड. उचल अन् पाड. थांबला का मेले."

मी उचलत राहिलो, पाडत राहिलो. मासे खाली जायला लागले. हुश्श! पण वीस मिनिटांत खांदा भरून आला. सरांनी हात घातला, पाच मिनिटांत त्यांना चक्कर आली. गाडी जागची हलत नव्हती. माझी बोटं वळेनात, पाणी निसटायला लागलं, आणि मासे परत वर आले.

तेवढ्यात बाजूला कोणीतरी उकिडवं बसलं. बाबा. बाही कोपरापर्यंत सरकवलेली. त्यांनी हात पुढे केला.

बाईने तो हवेतच धरला. "आंदी धू. ग्रीस हाय, कोळसा हाय. माशे मारतं काय?"

आख्ख्या वर्कशॉपमधे बाबांशी असं कोणी बोलत नाही. बाबा उठले, दारात गेले, डब्याच्या पिशवीतली पिण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि नखं घासून घासून, बाटली संपेपर्यंत हात धुतला. बाईला उलटा-सुलटा करून दाखवला. ती "हं" म्हणाली.

मग बाबा बसले. पाणी उचल, पाड. उचल, पाड. सोबत्यांपैकी एकजण हसला, "काय फिटरभाऊ, ओव्हरटाइम?" बाबांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

गाडी कधी हलली कळलं नाही. चंद्रपूरला बाई उतरली. एक हंडा डोक्यावर घेतला, दुसरा आमच्याकडेच ठेवला. "बाजाराच्या दिवशी पोंभुर्ण्याले आणून दे. हात थांबवू नको रे बाप्पा," हे ती मला नाही, बाबांना म्हणाली.

बल्लारपूर आलं. एकही मासा आडवा नव्हता. मी हंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरलो. बाबा मला लागून, एक हात हंड्याच्या खाली आधाराला, दुसरा पाण्यात. मागून सर, रिकाम्या पिशव्या आणि बाबांचा जेवणाचा डबा घेऊन. आख्खा प्लॅटफॉर्म आम्ही तसेच चाललो. छप, छप, छप. लोक बाजूला होत होते.

गेटवर टीसी नवीन होता. आडवा आला. "तिकीट?"

बाबांनी पाणी उचललं, पाडलं.

"पास वरच्या खिशात हाय साहेब. तुमीच काढून पाहून घ्या. माहा हात रिकामा नाई."