एक वीत अंतर

मादाम कधी आवाज चढवत नसत. आमच्या इमारतीखालच्या ग्रोसरीत त्या शिरल्या की दुकानदार कोया आधी टीव्ही बंद करायचा, मग काउंटरवर ओणवा व्हायचा आणि कान पुढे करायचा. एवढं झाल्यावर कळायचं, की त्यांना फक्त दोन लिंबं हवी आहेत. जिना चढताना त्या मला म्हणायच्या, "लोकांना जवळ आणायचं असेल तर हळू बोलावं."

हे नव्वदच्या दशकातलं खोर फक्कान, अमिरातीतलं डोंगरापलीकडचं बंदराचं गाव. बाबा बंदराच्या ऑफिसात होते आणि मादामचा मुलगा तिथेच क्रेन्सचा इंजिनिअर. ऐंशी ओलांडलेल्या मादाम त्याच्याकडे राहायला आल्या, ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. आई त्यांच्याशी सरळ मराठीत बोलायची, त्या फ्रेंचमध्ये उत्तर द्यायच्या, आणि तरीही त्यांच्या घरी थालीपीठ बऱ्यापैकी जमायला लागलं. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलत. मी कोणाशीच फारशी बोलत नसे. दुपारी त्यांच्या गॅलरीत, समोरच्या जहाजांकडे बघत नुसतं बसलेलं त्यांना चालायचं, म्हणून मी जायची.

तरुणपणी मादाम पॅरिसमध्ये गात. अमेरिकेतून जॅझच्या रेकॉर्डी नव्यानेच यायला लागल्या होत्या. त्या ऐकून त्या फ्रेंच गाणी ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत म्हणू लागल्या. पण आवाज अगदी लहान. मागच्या टेबलांवरून लोक ओरडत, "बाई, आवाज घरी विसरलात का?" मग मायक्रोफोन आला. तेव्हा माइक घेऊन गाणं म्हणजे लबाडी समजत. धडधाकट माणसाने कुबडी घ्यावी तशी. मादामनी तो घेतला. पेपरवाल्यांनी टिंगल केली, रेकॉर्डी मात्र खपल्या. पुढे युद्ध आलं, मग लग्न, मग टोप्यांचं दुकान. "खलास," म्हणून त्या हात झटकायच्या. हा शब्द त्या कोयाकडून शिकल्या होत्या आणि आपल्या सगळ्या आयुष्याला तो वापरायच्या, पण तक्रारीच्या सुरात कधीच नाही.

त्या वर्षी दुबईतल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आईने माझं नाव दिलं होतं. एक भक्तिगीत, एकटीने. तालमीला मंडळाचे सुधीरकाका हॉलच्या टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, गणपतीचे कान एवढे मोठे, पण त्यालासुद्धा हात लावून ऐकावं लागतंय!" सगळे हसले. मग त्यांनी तोडगा काढला. माझ्यामागे कोरस उभा राहील. पहिल्या कडव्यात ऐकू आलं नाही, तर ते वर धरलेला हात खाली करतील आणि कोरस सुरू होईल. "म्हणजे तुझी फजिती नको, बेटा."

डोंगरातल्या रस्त्याने परतताना आई म्हणाली, "बरं झालं की, सोबत होईल." मी "ओके" म्हटलं. मला सोबत नको होती. एकदा तरी ते गाणं माझं एकटीचं व्हावं, असं मला फार वाटत होतं, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मादामना मात्र न सांगता कळलं. त्यांनी माझ्या हनुवटीला अंगठा लावला आणि करंगळी ताणून हवेत टेकवली. "माइक इथे. एक वीत. आणि गाणार कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

"सगळे म्हणजे कोणीच नाही. क्लबात सगळे जेवत असायचे, प्रेमात पडत असायचे, भांडत असायचे. मी दाराशी कोट सांभाळणाऱ्या बाईसाठी गायची. बिचारीला जाताच यायचं नाही!"

कार्यक्रमाला मादाम आमच्याच गाडीतून आल्या. एका शाळेचा हॉल होता. बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत होत्या, मुलं खुर्च्यांखालून पळत होती. सुधीरकाका "हॅलो, हॅलो, चेक" करून माइक आपल्या उंचीला, माझ्यापासून हातभर लांब ठेवून खाली उतरले. मी तो खाली घेतला, वीत मोजली आणि एक माणूस शोधू लागले.

दाराशी चपलांचा ढीग होता आणि त्याच्याजवळ स्टुलावर बाबा. मंडळात गेलं की ते चपला राखायचं काम मागून घेत. मला आजवर वाटायचं, कोणीतरी ते त्यांच्या गळ्यात मारतं. त्या दिवशी लांबून बघताना कळलं, की गर्दीत बोलावं लागू नये म्हणून ते तिथे बसतात. माझ्यासारखेच.

मी बाबांसाठी गायला लागले. तबला पुढे गेला, मी मागून सावकाश आले. पहिल्या रांगेत सुधीरकाकांचा हात वर होता. कडवं संपत आलं तसे लोक गप्प होत गेले आणि पुढे सरकून बसले. बाबा एक चप्पल हातात धरून तसेच थांबले होते. काकांनी वर केलेल्या हाताने हळूच आपला कान खाजवला. कोरस शेवटपर्यंत नुसता उभाच राहिला.

नंतर काकांनी मादामना शाल-श्रीफळ दिलं. "हा नारळ गातो का?" मादामनी मला विचारलं. परतताना तो त्यांनी मांडीवर मांजरासारखा धरला होता. माझ्या गाण्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "तुझे वडील चांगलं ऐकतात."

मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तशा त्या फ्रान्सला परतल्या. निघताना मिठी वगैरे नाही. अंगठा माझ्या हनुवटीला, करंगळी त्यांच्या हनुवटीला. तेवढ्या अंतरावरून काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाल्या. मी अर्थ विचारला नाही. काही वर्षांनी त्या गेल्याचं मुलाने कळवलं, तेव्हा आईने देवापुढे दोन लिंबं ठेवली.

मी आता दुबईत नोकरी करते. मीटिंगमध्ये अजूनही कमीच बोलते. गेल्या वर्षी ऑफिसच्या फोनवर ऐकू येणारा रेकॉर्डेड आवाज बदलायचा होता आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "यल्ला मॅडम, चला, थोडी एनर्जी! जरा जोरात!"

मी माइक एक वीत अंतरावर ओढून घेतला. मग होल्डवर थांबलेल्या, फोन ठेवून जाता न येणाऱ्या एका माणसाला मी हळू आवाजात सांगितलं, की थोडं थांबा, आम्ही आहोत.