दगडात अडकलेला ट्रिगर

पहिला त्या माशानं झिंगा फाडला. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेला बोटाएवढा झिंगा होता तो. मी माशांच्या टाकीत हात घातला की हातावर चढून नखांच्या कडा साफ करायचा. कारखान्यातली सकाळची पाळी संपवून घरी आले तेव्हा वाळूवर त्याच्या मिशा हलत होत्या. मला वाटलं कात टाकतोय. मग पाण्याच्या ओढीनं मिशा उलटल्या, आणि त्यांना जोडलेलं काहीच नव्हतं.

टाकीसमोर खुर्चीत अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे.

"दोन घासात," ते म्हणाले. "म्या बघितलं. आदी डोळे काढले, मग मधनं तोडला."

कुस्तीचा निकाल सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

मी श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. कारखान्याच्याच कॉलनीत राहते. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो. बाहेरच्या खोलीत माझी चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. बोअरचं पाणी गाळून, त्यात समुद्री मीठ कालवून, पंख्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या जोरावर मी तीत चार वर्षं प्रवाळ वाढवले होते. लॅबमध्ये उसाच्या रसाचे थेंब काचेवर ठेवून साखर मोजायची आणि घरी येऊन तशाच यंत्रात टाकीतल्या पाण्याचा खारटपणा बघायचा, हा माझा दिवस. कॉलनीतल्या बायका आधी हसायच्या. नंतर त्याच पाहुण्यांना घेऊन बघायला यायला लागल्या.

अण्णा पोलिसात होते. जमादार म्हणून निवृत्त झाले, आणि सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून आमच्याकडे आले. माझ्याशी वाईट कधीच वागले नाहीत, पण बोलायचेही नाहीत. जेवायला बसले की ताट रिकामं होईस्तोवर मान खाली. सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

मागितलं ते एकदाच. त्यांचे गुडघे दाखवायला नगरला गेलो होतो. परत येताना मी मिठाची पिशवी घ्यायला माझ्या नेहमीच्या दुकानात थांबले. अण्णाही आत आले. एका वेगळ्या काचेच्या खणात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा मासा एकटाच फिरत होता. हिरवागार, अंगावर नारिंगी तिरप्या रेघा. अण्णांनी काचेवर बोट ठेवलं तर त्यानं आतून बोटावर धडक मारली. अण्णा हसले. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं.

"ह्यो घे," ते म्हणाले.

तो ट्रिगर जातीचा मासा होता. दुकानदार भला माणूस, त्यानं सांगितलंही, "मॅडम, लहान आहे तोवर ठीक. मोठा झाला की कुणाला जगू देत नाही." मला ते माहीत होतं. तरी मी घेतला, कारण अण्णांनी मागितला होता. पुढं जे झालं त्यात माझी चूक ही इथली.

झिंग्यानंतर गोगलगायी गेल्या. तो एकेक उचलायचा, वर नेऊन पालथी टाकायचा आणि मांस बाहेर आलं की ओढून काढायचा. मग तो दगड हलवायला लागला. मी चिकटवलेले प्रवाळ तोडून वाळूत फेकायचा. एकदा त्यानं हीटरची वायर कुरतडली आणि घरातली वीज गेली. सात-आठ महिन्यांत तो तळहाताएवढा झाला. उंदरासारखे पुढं आलेले दात, आणि दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरायचे.

अण्णांची खुर्ची दिवसभर टाकीसमोर. चिमट्यात कोळंबी धरून ते त्याला भरवायचे आणि माझ्याशी बोलायचे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरात गप्पा व्हायला लागल्या, आणि विषय हाच की आज त्यानं कुणाला कसं मारलं.

"सगळी टाकी कशी वचकून असती बघ. ह्याला म्हनायचं गडी."

"अण्णा, बाकीचे खात नाहीयेत. भीतीनं कोपऱ्यात उभे राहतात."

"ऱ्हाऊ दे की. शिस्त लागती."

नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची माझी जोडी होती. एका दुपारी त्यातला नर मला पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. शेपटी नाही, एका बाजूचा डोळा नाही, आणि तरी कल्ला हलत होता. मी त्याला तळहातावर घेतलं. संपायला त्याला पाच-सहा मिनिटं लागली. मादी त्या दिवसापासून पाण्याच्या पाइपमागं बोटभर जागेत शिरली, ती बाहेरच येईना.

त्या संध्याकाळी मी म्हणाले, "अण्णा, ह्याला काढायचं."

त्यांनी कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरला आणि झाकण उघडलं.

मी प्रयत्न सुरू केले. हिरवी जाळी घातली, त्यानं चावून भोक पाडलं. बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबी ठेवली. तो बाहेर थांबून बघत राहिला, दुसरा मासा आत गेला की त्याला आतच गाठायचा आणि स्वतः बाटली पाडून निघून जायचा. हात घालून अंदाज घ्यायला गेले तर अंगठ्याजवळचं मांस तोडलं. रक्त पाण्यात धुरासारखं पसरलं आणि तो त्या धुरातून परत आला, दुसरा चावा घ्यायला. मी किंचाळून हात काढला. अण्णांनी हळद आणून दाबून धरली, पण त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. ते मला दिसलं. मला त्या क्षणी त्या दोघांचाही सारखाच राग आला.

मी बारीक गळ आणि दोरा आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता.

"अण्णा, गळ कुठंय?"

"टाकला. गळानं मारतात व्हय त्याला? चोर हाय का तो?"

"खुनी आहे."

"मग समदीच हायती," ते म्हणाले आणि उठून गेले.

शेवटचं घडलं ते माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. माझ्याकडं पहिल्यापासून असलेला पिवळा टँग मासा होता, हळदीच्या रंगाचा, चपटा. ट्रिगरनं त्याला काचेच्या कोपऱ्यात कोंडलं. आधी वरचा पर तोडला. टँग काचेला अंग घासत वर जायचा, तो खालून पोटात तोंड मारायचा. मी झाकण काढून काठीनं ट्रिगरला हाणत होते, काठी दगडाला लागून तुकडे उडत होते, आणि तो वळून काठीला चावायचा आणि परत टँगकडं. पोट फाटलं तेव्हा टँग पांढरा पडला. मला माहीत नव्हतं की मरताना त्यांचा रंग जातो.

खुर्चीतल्या अण्णांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

मग मी टाकी मोडायला घेतली. दुसरा शब्द नाही. निळी पिंपं ओढून आणली, नळी लावून पाणी उतरवलं. चार वर्षं वाढवलेले दगड एकेक उपटून टपात टाकले. प्रवाळ माझ्याच हातानं तुटत होते, त्यांचा चिकट वास हाताला येत होता, आणि मी थांबत नव्हते. उरलेले मासे बादलीत काढले. वीतभर पाणी राहिलं तेव्हा टाकीत एकच मोठा दगड होता, आणि ट्रिगर त्याच्या फटीत शिरला होता.

ह्या माशाच्या पाठीवर काटा असतो. तो फटीत शिरतो आणि काटा उभा करतो, की दगडात खिळा ठोकल्यासारखा घट्ट बसतो. मी बोटांनी ओढलं. पकडीनं शेपूट धरून ओढलं. खवले निघून पाण्यावर तरंगले. स्क्रूड्रायव्हर फटीत घातला आणि ढोसला, परत परत, डोळ्याच्या आजूबाजूला. तो हलला नाही. शेवटी मी तो अख्खा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर फरशीवर आपटला.

पाण्याबाहेर आल्यावर तो ओरडायला लागला. मासा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. खोल, तुटक आवाज, घुर्र, घुर्र, दात आवळून कुणी कण्हत असावं तसा. माझ्या हातात हातोडी होती. ती कधी घेतली मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी दगड फोडायला उचलली नव्हती.

अण्णांनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"थांब, पोरी."

"सोडा, अण्णा."

"थांब म्हनतो ना. हा आवाज बंद कर आदी. फोन लाव त्या दुकानवाल्याला."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझा हात सुटला. त्यांनीच दगड परत टाकीतल्या वीतभर पाण्यात ठेवला, आणि मी फोन लावून स्पीकरवर टाकला. दुकानदाराला एका दमात सगळं सांगितलं.

"मॅडम, ओढू नका. मेला तरी निघायचा नाही," तो म्हणाला. "पाठीवर मोठा काटा दिसतोय? त्याच्या मागं एक छोटा असेल. तो छोटा दाबा. मोठा आपोआप खाली पडतो. म्हणून तर त्याला ट्रिगर म्हणतात."

अण्णांनी दगड तिरका धरला. त्यांची करंगळी फटीच्या दुसऱ्या टोकाशी होती आणि माशानं ती पकडली. हाडाला दात लागल्याचा आवाज मी ऐकला. अण्णांनी हात काढला नाही. "दाब," एवढंच म्हणाले. मी बोट आत घातलं, छोटा काटा चाचपला, दाबला. काहीतरी कट् झालं. मासा सैल पडला आणि अण्णांच्या करंगळीला लोंबकळत बाहेर आला. त्यांनी हात बादलीत बुडवला आणि तो सोडेपर्यंत तसाच बुडवून ठेवला.

कारखान्याच्या दवाखान्यात करंगळीला चार टाके पडले. तिथून तसेच आम्ही नगरला निघालो. गाडी मी चालवत होते. बादली अण्णांच्या पायांमध्ये, तीत हवेचा छोटा पंप. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकीमागं एक, त्यांच्यामागं अडकून आम्ही हळूहळू चाललो होतो.

"एक मानूस हुता," अण्णा म्हणाले. "हिरीवरची मोटार चोरली म्हनून चौकीत आनलेला. कबूल करंना. दोन दिवस मारला आमी. म्या मारला. टेबलाचा पाय धरून बसला हुता, सोडवंना. ओरडला असता तर बरं झालं आस्तं. दात आवळून ह्योच आवाज करायचा."

मी रस्त्याकडं बघत राहिले.

"मग?"

"मग मोटार घावली. दुसऱ्याच्याच रानात. त्याला सोडला. चालता येत न्हवतं त्याला, भावानं उचलून नेला."

"तुम्ही कुणाला काही सांगितलं होतं?"

"तुझ्या सासूलाबी न्हाई."

दोन-तीन तासांपूर्वी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जे केलं होतं ते त्यांनी बघितलं होतं. मी पुढची ट्रॉली ओलांडली.

दुकानदारानं मासा घेतला, एका डोळ्याजवळची जखम बघून मान हलवली, आणि त्याला एकट्याला वेगळ्या टाकीत सोडलं. तिथं तो पुढं बरा झाला असं त्यानं नंतर फोनवर सांगितलं. माझी टाकी परत लावायला दोन रविवार गेले. निम्मे प्रवाळ पांढरे पडून मेले. पाइपमागची क्लाउन मादी जगली, पण बरेच दिवस तिथून निघेना. शेवटी मी पाइपच हलवला तेव्हा ती नाइलाजानं मोकळ्या पाण्यात आली.

उसाचा हंगाम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून, टोपी घालून एसटीनं कुठंतरी गेले. गुडघ्यांमुळं ते एकटे कधी जात नसत. मी अडवलं नाही. संध्याकाळी पाचला परत आले, हातपाय धुतले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"त्या मोटारीच्या मानसाच्या गावाला गेल्तो."

मी गॅस बारीक केला. "भेटले?"

"न्हाई. वारला म्हनं, दोन वर्सं झाली. पोरगा हुता घरी. बस म्हनला, च्या दिला. लई चांगलं पोरगं."

"तुम्ही कोण म्हणून सांगितलं?"

अण्णांनी टोपी काढली, हातात धरली.

"वळखीचा हाय म्हनलो."