लाव्हाच्या पोटातलं तळं

“बाई, वर्गात तुम्ही फळ्यावर लाव्हाचे थर काढायचात ना, ते आता मी पेट्यांत भरून ठेवलेत. बघायला कधी येताय?”

सुजाताचा हा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कोल्हापूरच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीत बसले. “ज्वालामुखीत भोक पाडतायत, ते बघायला चाललेय,” असं घरी सांगितल्यावर मुलगा हसला. “धाराशिव जिल्ह्यात कुठला आलाय ज्वालामुखी?” मी शाल पिशवीत कोंबली. पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवला. पण माझ्या ओळखीतलं कुणी त्या थरांच्या आत उतरेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

सुजाता सोलापूरला माझ्या शाळेत होती, वसतिगृहात राहायची. गाव धाराशिव जिल्ह्यातलंच, लोहाऱ्याच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, मग आईवडील काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. तिचा जन्म त्या शेडमधलाच. पुढे ती भूशास्त्र शिकली आणि आता आपल्याच मुलखात, खडकाच्या पोटात किती खाली काय आहे ते बघायला खोल छिद्र घेणाऱ्या तुकडीची प्रमुख झाली होती.

सोलापूरहून तुळजापूरच्या गाडीत शेजारी अणदूरचे एक किराणा दुकानदार बसले होते. मांडीवर शेंगाचटणीची पुडकी. मी कुठे निघालेय हे कळल्यावर त्यांनी पुडकी बाजूला ठेवली.

“ते भोक व्हय? आमच्याकडं सगळे म्हणतेत, खाली निखारा हाय. टोचला की भडकनार.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय कळतंय त्यातलं, बाई. भूकंपाच्या टायमाला मी लई ल्हान व्हतो. आईनं वढून भाईर काढलं, तेवढंच याद हाय. पन आजूक गाडी घराजवळनं जोरात गेली की मी उठून बसतो बघा.”

मी त्यांना म्हटलं, निखारा कधीच विझलाय, साडेसहा कोटी वर्षं झाली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं. तेवढ्यात गाडी तुळजापूरच्या घाटाला लागली. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळा दगड, त्यावर लालसर पट्टा, पुन्हा काळा दगड. लाव्हाचा एक लोंढा आला, थंडावला. मग दुसरा त्याच्यावर. या रस्त्याने मी कितीदा देवीला गेले असेन! त्या दिवशी मात्र खिडकीला नाक लावून लहान मुलीसारखी बघत राहिले.

तुळजापूरला सुजाता जीप घेऊन आली होती. डोक्याला स्कार्फ, बुटांवर राखाडी चिखल. वाकून नमस्कार करायला गेली, तर मीच तिला मिठी मारली. स्टँडसमोर खव्याचे पेढे घेतले आणि नळदुर्गच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी, मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे, काटेरी करडई.

“भीती वाटत नाही?” मी विचारलं.

“वाटते ना. पण लोक समजतात तसली नाही,” ती म्हणाली. “जिवंत ज्वालामुखीत छिद्र घेतात तिथली गोष्ट वेगळी. आइसलंडमध्ये एकदा ड्रिल थेट वितळलेल्या खडकात शिरलं होतं. इथं खाली सगळं गार आहे. पण खडकात कोंडलेलं पाणी असतं, वायू असतो, ढिसूळ थर असतात. छिद्र ढासळलं की रॉड अडकतात आणि सगळी मेहनत जमिनीत.”

“आणि मिळणार काय?”

तिचा चेहरा उजळला. “लाव्हा येण्याआधी इथं काय होतं ते! थरांच्या तळाशी जुना ग्रॅनाइट आहे. तो हलतो कसा, त्याच्यात भेगा कुठं आहेत, ते कळलं तर भूकंपाचं कोडं थोडं तरी सुटेल. बाई, मला तिथंपर्यंत पोचायचंय.”

मग तिने एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या रानात हे काम चाललं होतं त्या गंगाबाईंची मुलगी भूकंपात गेली. मुलगा शिवाप्पा पडीक तुकडा द्यायला तयार होता, पण गंगाबाई अडून बसल्या. शेवटी सुजाताने चावडीसमोर सगळ्या गावादेखत शब्द दिला: ज्या क्षणी तुम्हाला जमीन हलल्यासारखी वाटेल, त्या क्षणी मी मशीन बंद करीन.

“शब्द दिला तेव्हा वरचे साहेब चिडले,” ती म्हणाली. “ऐन वेळी थांबलं तर छिद्र जातं, हे खरंच आहे.”

अणदूरच्या पुढे आत वळलो आणि ज्वारीच्या वर मशीनचा उंच मनोरा दिसला. खालून येणारी खडकाची गोल कांडी, जिला हे लोक कोअर म्हणतात, ती लांबट पेट्यांत ओळीने मांडली होती. काळा बेसॉल्ट, मग भोकाभोकांचा दगड, त्या भोकांत पांढरे चमकते स्फटिक. मध्येच विटेसारखी लाल माती. “दोन उद्रेकांच्या मधली सुट्टी,” लाल तुकड्यावर बोट ठेवून सुजाता म्हणाली. मी चष्मा पुसला आणि जमिनीवर फतकल मारून बसले. फळ्यावर मी जी रेघ खडूने एका झटक्यात ओढायचे, ती इथे माझ्या दंडाएवढी जाड होती.

रात्री शिवाप्पाच्या घरी मुक्काम. गरम ज्वारीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, तिखट कालवण). मी फुर्र करून ओढायला गेले आणि जीभ भाजून घेतली. गंगाबाई पहिल्यांदाच हसल्या. “सबुरीनं, बाई. पळून न्हाय चाललं ते.”

दुसऱ्या दिवशी येळवस होती (वेळ अमावस्या, या भागात त्या दिवशी अख्खं गाव रानात जाऊन काळ्या आईची पूजा करतं आणि तिथंच जेवतं). कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले दगड, समोर भज्जी (हिरव्या शेंगा, हरभरा आणि मिळतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेली), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि मडक्यात आंबील. सण असूनही मशीन चालू होतं. खाली मऊ थर लागला होता. तिथे थांबणं धोक्याचं, असं मशीन चालवणारा महादेव म्हणत होता.

पूजा झाली, पंगत बसली. मी पहिला घास तोंडात घातला तोच मशीनचा आवाज बदलला. एक घोगरा घरघराट आला, मनोरा थरथरायला लागला आणि छिद्रातून राखाडी पाण्याचा लोट उसळून माणसाच्या डोक्यावर गेला. खोपीतली मडकी एकमेकांवर वाजली. पायाखाली थरथर मलाही जाणवली. बायका पोरांना घेऊन बांधाकडे पळाल्या.

गंगाबाई पळाल्या नाहीत. त्या उठून सरळ मशीनकडे गेल्या. त्यांचा पदर चिखलाने भिजला.

“बंद कर!” त्या ओरडल्या. “पोरी, तू बोलली व्हतीस. बंद कर!”

“मॅडम, आत्ता थांबलं तर सगळं गेलं!” महादेवही ओरडला. “मऊ थर आवळून धरंल. पाण्याचा जोर हाय नुसता, कमी व्हईल!”

मी सुजाताकडे बघत होते. थरथर मशीनचीच होती, हे तिला माहीत होतं. कोंडलेलं पाणी सुटलं होतं एवढंच. दोन वाक्यांत ती समजावून सांगू शकली असती. पण गंगाबाईंचे ओठ पांढरे पडले होते आणि ती समजावण्याची वेळच नव्हती. सुजाताने हात वर केला आणि आडवा फिरवला. महादेवने तोंड फिरवून मशीन बंद केलं.

एकदम शांतता. फक्त पाणी बुडबुडत होतं. सुजाता गंगाबाईंजवळ गेली, त्यांचा हात धरून खाली बसली आणि दोघींचे तळवे तिने जमिनीवर टेकवले. बऱ्याच वेळाने गंगाबाईंनी हात उचलला.

“हलत न्हाय,” त्या म्हणाल्या.

“नाही हलत, मावशी.”

“तवा आदी आवाज आला व्हता. असाच. खालनं.” एवढंच बोलून त्या तिथंच बसून राहिल्या.

महादेवने मशीन पुन्हा सुरू केलं, पण रॉड फिरेनात. ओढून बघितले, पाणी सोडून बघितलं, हळूहळू झटके देऊन बघितलं. दुपार टळली. खाली थराने बिट, म्हणजे रॉडच्या टोकाचं खडक कापणारं पातं, घट्ट धरून ठेवलं होतं. शेवटी सुजाता म्हणाली, “निदान आतली नळी तरी वर घेऊ.” रॉड अडकले तरी त्यांच्या आतून तारेने वर खेचता येणारी एक नळी असते, कोअर तिच्यात असतो. तार ताणली, चाक कुरकुरलं. आम्ही सगळे, पळालेले लोकही, गोल उभे होतो. नळी वर आली. महादेवने हातोडीने हळूच ठोकून आतला ऐवज पन्हळीत सरकवला.

काळा दगड नव्हता, लालही नव्हता. राखाडी, पातळ पातळ पापुद्र्यांचा, मऊ. सुजाताने त्यावर पाणी ओतलं आणि ती एकदम खालीच बसली.

“बाई! बाई, इकडं या!”

त्या पापुद्र्यांत नखाएवढे पांढरे पेचदार शंख होते. गोगलगायी. एकीच्या पाठीवरची नाजूक वळणं अजून मोजता आली असती. लाव्हाच्या दोन लोंढ्यांच्या मधे इथे एक तळं होतं! खाली आग, वर आग, आणि मधल्या काळात संथ पाणी, गाळ आणि त्यात रांगणारे हे जीव. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. महादेव मघाचा राग विसरून शिवाप्पाला मिठी मारत होता.

गंगाबाईंनी वाकून बघितलं. “ह्ये जितं व्हतं?”

“होय. तळ्यात.”

“आन् मग वरनं पुन्यांदा आग आली?”

“आली.”

“त्याच्या म्होरं?”

“पुन्हा माती झाली, मावशी. पुन्हा झाडं आली. पुन्हा पाणी.”

त्यांनी एक बोट त्या शंखावर अलगद ठेवलं. मग पदर झटकत उठल्या. “चला. भज्जी गार झाली. कुनीबी उपाशी जाऊ नका.”

संध्याकाळी छिद्राचा निकाल लागला. रॉड निघणार नव्हते. ते तिथंच सोडायचे, तोंड बंद करायचं. ग्रॅनाइट राहिलाच. सुजाताने वरिष्ठांना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडचा चढा आवाज मला ऐकू येत होता. ती एकदाच म्हणाली, “सर, निर्णय माझा होता. परत तशी वेळ आली तरी मी तेच करीन.” तिने फोन ठेवला. मी तिला आंबिलीचा पेला दिला. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

परत निघाले त्या दिवशी अणदूरच्या फाट्यावर मला सोडायला सुजाता आणि शिवाप्पा आले होते. गाडी लांब दिसली तसा शिवाप्पा घाईने म्हणाला, “मॅडम, आईनं निरोप दिलाय. दुसरं भोक पाडायचं झालं तर विहिरीच्या अंगाला पाडा म्हनती. तिथं कायबी पेरलेलं न्हाय. आन् ह्या डावाला ती सोता मशीनपाशी बसनार हाय.”

सुजाता त्याच्याकडे बघतच राहिली. गाडी थांबली, कंडक्टर “चला, चला” करत होता, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला एकमेकींचे हात धरून हसत होतो.

सोलापूरपर्यंत मी सारखा विचार करत होते. धोका पत्करला तो कुणी? छिद्र गेलं तर सुजाताची काही महिन्यांची मेहनत जाणार होती. तिने ती घालवली. पण गंगाबाईंना ज्या जमिनीने एकदा फसवलं, तिच्यातच पुन्हा खोल उतरायला त्या हो म्हणाल्या. त्यांचं हो मिळालं नसतं तर त्या गोगलगायी आणखी कितीतरी काळ अंधारात राहिल्या असत्या.

घरी पोचल्यावर मुलाने विचारलं, “मग, दिसला का ज्वालामुखी?” मी पाणीसुद्धा न पिता सांगायला बसले. मध्यरात्र उलटली तेव्हा सूनबाई जांभई देत म्हणाली, “आई, झोपा आता.” मुलगा मात्र तिथंच बसून होता. “पुढच्या वेळी,” तो म्हणाला, “मलापण घेऊन जा.”