कडुबा दाभाडे मरायला तयार नाहीत

तौफिकची आणि कडुबा दाभाड्यांची पहिली भेट झाली तेव्हा संघमित्रा कॉलनीच्या आकाशात युद्ध पेटलं होतं. निदान कडुबांच्या बाजूनं तरी पेटलं होतं. तौफिक खाली एका हळदीचं शूटिंग करत होता. त्याचा ड्रोन नवरीच्या डोक्यावरून उठला, मांडवाला वळसा घालून वाऱ्यानं भरकटला आणि चार घरं सोडून एका गच्चीवर घोंघावायला लागला. त्या गच्चीवर पंचाहत्तरीचा एक म्हातारा पापड राखत बसला होता. म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि कपडे वाळत घालायचा बांबू उचलला.

पुढं काय झालं याबद्दल मतभेद आहेत. कुणी म्हणतं, एकाच फटक्यात ड्रोन आडवा झाला. कुणी म्हणतं, ड्रोननं आधी माफी मागितली होती. देवगाव रंगारीहून हळदीला आलेले पाहुणे तर आजही शपथेवर सांगतात, की ड्रोन जीव घेऊन पळत सुटला होता आणि म्हाताऱ्यानं दोन गच्च्यांवरून उड्या मारत जाऊन त्याची हवेतच मानगूट धरली. तौफिक धापा टाकत जिना चढून आला तेव्हा ड्रोन सुतळीनं बांधून, पापडांच्या शेजारी, युद्धकैदी म्हणून बसवलेला होता.

"कोनाचा हाय ह्यो?"

"माझा, चाचा. शादीचा आहे."

"शादीचा हाय तर शादीत ऱ्हावं. हद्द वलांडून कामून आला?"

तौफिकनं सुतळी सोडली. चार पंख्यांपैकी तीन गेले होते. जड मनानं त्यानं आतलं चित्रण तपासलं आणि ड्रोनचं दुःख जागच्या जागी विसरला. शेवटच्या क्षणी पडद्यावर एक चेहरा चाल करून येत होता. मिशा पिंजारलेल्या, डोळे निखाऱ्यासारखे, तोंडात मोजून चार दात, पण ते चारही शत्रूवर रोखलेले. तौफिक दहा वर्षं डोक्यात एक पिक्चर घेऊन फिरत होता. म्हातारा फौजी, वस्तीत माजलेले गुंड, आणि एकेकाचा हिशोब. कथा तयार होती, गाणी तयार होती, फक्त म्हातारा मिळत नव्हता. तो हा असा पापडांत सापडला.

"चाचा, पिक्चरमध्ये काम करणार?"

आतून कडुबांची बायको गोजरबाई ओरडली, "पापड कोन राखंल मंग?"

पिक्चरचं नाव ठरलं 'सटकला सुभेदार'. कडुबा फौजेतून लान्स नायक होऊन घरी आले होते, पण 'सटकला लान्स नायक' हे काही पोस्टरवर शोभेना, म्हणून तौफिकनं त्यांना बढती दिली. "सरकारला जमलं नाय ते तू बसल्या बैठकीला केलं," कडुबा म्हणाले आणि त्यांनी ती विनातक्रार स्वीकारली.

शूटिंग जोरात सुरू झालं. बंदूक मांडववाल्याच्या लोखंडी पायपातून घडवली होती. रक्त म्हणून गुलाबाचं सरबत, त्यामुळं प्रत्येक मुडद्याला गोळीपेक्षा मुंग्यांचा त्रास जास्त. गुंड म्हणून कॅटरिंगची पोरं. कडुबा एकेका गुंडाला असे काही लोळवायचे की बघणाऱ्यानं श्वास रोखावा, आणि दुसऱ्या क्षणाला वाकून विचारायचे, "लागलं का रे बापू?" तौफिकनं परोपरीनं समजावलं की सुडानं पेटलेला माणूस असं विचारत नाही. कडुबा म्हणायचे, "व्हय व्हय," आणि पुढच्या गुंडाच्या गुडघ्याला हळद लावायला सांगायचे.

असे सगळे गुंड संपले. राहिला शेवट. तो तौफिकनं जाणूनबुजून मागं ठेवला होता. एका दुपारी कडुबांच्या ओट्यावर चहा पिता पिता त्यानं विषय काढला.

"चाचा, शेवटी सुभेदार मरतो."

"मरू की. फौजी मानूस. कुठं मरायचं?"

"गल्लीच्या तोंडाशी. गोळी लागते, तुम्ही पडता. एक जण धावत येतो, तुमचं डोकं मांडीवर घेतो. तुम्ही आपली काठी त्याच्या हातात देता आणि म्हणता, ही वस्ती आता तुझ्या हवाली. मग मान टाकता. पब्लिक ढसाढसा रडणार."

"ब्येस. धावत कोन येतो?"

तौफिकनं कपाच्या तळाशी काहीतरी शोधलं. "शिवमभाऊ."

कडुबांनी कप खाली ठेवला. "म्या मरत नाय."

आतून गोजरबाईचा आवाज आला, "आवं, कोनाला नाय म्हनताय?"

"मरनाला."

"मंग ठीक हाय," असं म्हणून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

आता हे शिवमभाऊ कोण, ते सांगायला पाहिजे. शिवमभाऊ म्हणजे 'सटकला सुभेदार'चे निर्माते. कॅमेरा त्यांचा, कॅटरिंगची पोरं त्यांची, गुलाबाचं सरबतही त्यांच्याच घरचं. शिवाय ते वॉर्डाचे भावी नगरसेवक होते. निवडणूक वर्षानुवर्षं पुढं ढकलली जात असल्यामुळं भाऊंचा फ्लेक्स रंग उडून दोनदा बदलावा लागला, तरी ते भावीच राहिले. त्यांचा बंगला गल्लीच्या तोंडाशी. शहरात पाणी येतं आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. ते आलं की भाऊंची मोटर थेट नळाच्या लाइनवर सुरू व्हायची. तिचा आवाज असा, की गल्लीतल्या म्हशी दूध चोरायच्या. मधल्या घरांना बोटभर धार मिळायची आणि शेवटच्या घरी, जिथं शमशादआपा एकटी राहून ब्लाऊज शिवायची, तिथं नळ नुसता खोकायचा. कडुबा कॉलनीत राहायला आल्यापासून या मोटरीशी भांडत होते. अर्ज झाले, मोर्चा झाला, एकदा तर ते रिकामी घागर घेऊन भाऊंच्या वाढदिवसाला गेले आणि आहेर म्हणून तीच देऊन आले.

आणि आता त्याच भाऊंच्या मांडीवर डोकं ठेवून, वस्ती त्यांच्या हवाली करून मरायचं!

"चाचा, नुसता पिक्चर आहे," तौफिक काकुळतीला आला. "ॲक्टिंग करायची. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही खऱ्या गोळ्यांना घाबरला नाहीत, आणि..."

"म्या लढाईत एकबी गोळी मारली नाय."

तौफिकचं आख्खं पोस्टर त्याच गोळ्यांवर उभं होतं.

"टँकर हाकत व्हतो म्या," कडुबा म्हणाले. "वाळवंटात. पान्याचा. चौक्या लांब लांब, आन वाळू अशी की चाक रुतलं की बसलं. आमच्या सायबाचा एकच हुकूम. आधी शेवटली चौकी. वाटंत किती बी जनांनी हात दावला तरी थांबायचं नाय. जवळचा वरडला तर ऐकू येतं रं, लांबचा वरडला तर कोनाला ऐकू जातं? तेवढंच केलं लढाईत. पर केलं. आन तू मला म्हनतो, जो तोंडाशी बसून सगळ्याच्या आधी पितो, त्याच्या मांडीवर मर. लाज वाटती का रं?"

"मेरा पिक्चर मर जाएगा, चाचा."

"मरू दे. एकानं मरायचंच हाय ना, मंग पिक्चर मरू दे."

तौफिकचा चेहरा इतका पडला की कडुबांना दया आली. त्यांनी मिशीला पीळ भरत थोडा विचार केला. "बरं. भाऊला म्हनाव, मोटर काढ. पानी शेवटल्या घरी पोचलेलं बघतो, मंग मरतो."

भाऊंना हा सौदा फारच स्वस्त वाटला. म्हातारा एका मोटरीत मरतोय! त्यांनी पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटर काढून ठेवली. शमशादआपाचा नळ नेहमीसारखा खोकला, मग गुळण्या केल्यासारखा आवाज झाला आणि भडाभडा वाहायला लागला. आपानं हंडे भरले, बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी चहाचे कपसुद्धा भरून कपाटात ठेवले.

मग कडुबा वर्दी घालून मरायला बाहेर पडले. भाऊ कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून मांडी तयार ठेवून बसले. धाडकन गोळी लागली. कडुबा कळवळले, लटपटले, आणि लटपटत लटपटत भाऊंच्या उलट्या दिशेनं आख्खी गल्ली चालून शमशादआपाच्या पायरीवर जाऊन पडले.

"कट! चाचा, इथं नाही. भाऊ तिकडं आहेत!"

"गोळी लागल्याला पत्ता कळतो व्हय?"

तोवर ऊन कललं. मरण पुढच्या पाण्यावर गेलं, आणि अटीप्रमाणं मोटरही तोवर बाहेरच राहिली. पुढच्या पाण्याला कडुबा बरोबर जागी पडले, पण भाऊंच्या मांडीवर त्यांना सटासट शिंका आल्या. त्याच्या पुढच्या पाण्याला संवाद आठवेना. एकदा उचकी लागली. एकदा त्यांनी इतका सुंदर प्राण सोडला की तौफिकच्याच डोळ्यांत पाणी आलं, पण काठी घरी राहिली होती. असे कडुबा हप्त्याहप्त्यानं मरत राहिले आणि गल्लीला दर हप्त्याला शेवटच्या घरापर्यंत पाणी येत राहिलं. उन्हाळा असा निघाला की आपाच्या दारातल्या वाळक्या मोगऱ्याला फूल आलं. बाया ओट्यावरून ओरडून सांगायला लागल्या, "नाना, पोरीचं लगीन हाय. पाव्हणे येतेत. दोन पानी तरी जगा!"

"बघतो बाई. तब्येत बरी ऱ्हायली तर मरत नाय," कडुबा म्हणायचे.

तौफिकला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. सुरुवातीला तो चिडायचा. मग एका पाण्याला कडुबा चुकून सगळं बरोबर करून मेले. पडणं बरोबर, काठी बरोबर, संवाद बरोबर. कडुबा स्वतःच दचकून एक डोळा उघडून बघायला लागले. तौफिकनं कॅमेऱ्यातून मान वर काढली, समोर आपा रिकामी कळशी घेऊन उभी दिसली, आणि तो म्हणाला, "सॉरी भाऊ. फोकस गेला होता."

भाऊ फार ताणत नव्हते. निवडणुकीपर्यंत म्हातारा मेला म्हणजे झालं, एवढाच त्यांचा हिशोब. आणि एक दिवस निवडणूक खरोखरच लागली.

त्या पाण्याला भाऊ आले ते हातगाडीवर मोटर आणि शेजारी प्लंबर घेऊन. सोबत पाच-पन्नास कार्यकर्ते. "तौफिक, आज शेवटचा टेक. एक तर म्हातारा मरेल, नाहीतर मोटर आत्ताच बसेल. आणि मोटर बसली तर तुझा कॅमेरा पण गेला, पिक्चर पण गेला."

गल्ली ओट्यांवर गोळा झाली. कडुबा वर्दीत आले. गोळी लागली, ते नेमके जागेवर पडले. भाऊ धावत आले, त्यांनी डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांत ग्लिसरीन होतंच. कडुबांनी काठी उचलली. भाऊंनी हात पुढं केला.

"ही वस्ती आता..." कडुबा क्षीण आवाजात म्हणाले. कार्यकर्त्यांनी रुमाल काढले. "ही वस्ती आता शेवटल्या घरापासून मोजायची. आन तू, शिवम, लाइनीत उभा ऱ्हा."

आणि ते उठून बसले.

"कट!" भाऊ किंचाळले. "कट कर रे!"

कट हा तौफिकचा शब्द होता. लग्नांत त्याला कुणी तो म्हणू देत नसे. तिथं नवरीची आत्या कट म्हणायची, भटजी म्हणायचे, काझी म्हणायचे, कॅटरिंगवालासुद्धा म्हणायचा. हा एक पिक्चर असा होता जिथं तो शब्द त्याचा होता.

"भाऊ, कट मी म्हणतो," तौफिक म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण कॅमेरा कापत नव्हता. "डायरेक्टर मी आहे."

कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत राहिला. त्याच्या समोरून, छातीवर गुलाबाच्या सरबताचा डाग आणि त्यावर मुंग्यांची रांग घेऊन, सटकलेला सुभेदार चालत गेला आणि जिथं मोटर बसायची त्या खड्ड्यावरच्या फरशीवर मांडी घालून बसला.

प्लंबर अवघडला. "नाना, उठा की."

"म्या मेलोय," कडुबा म्हणाले. "मेलेल्या मानसाला उठवत नसतेत."

"नाना, मजाक करू नका. भाऊ रागावतेत."

"मयताला राग कळत नाय."

शमशादआपा मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन आली आणि शेजारी बसली. "मयतीला बसायला पाहिजे कुणीतरी," ती म्हणाली. गोजरबाई मेथीची जुडी घेऊन आली. "सरका तिकडं," ती मयताला म्हणाली, "जित्तेपनी बी आख्खी बाज अडवता." मग ज्या घरात लग्न होतं तिथली बाई आली, तिची नणंद आली, आणि फरशी पुरेना तेव्हा बाया रस्त्यावर बसल्या. कार्यकर्त्यांपैकी दोघं-तिघं याच गल्लीतले होते. त्यांच्या आया त्या घोळक्यात होत्या, म्हणून ते हळूच पाठीमागं सरकले. नळाला पाणी आलं. ते शेवटच्या घरापर्यंत गेलं. बाया पाळीपाळीनं उठून भरून आल्या आणि परत मयतीला बसल्या.

तौफिकनं हे सगळं चित्रित केलं. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं तेव्हाच तो कट म्हणाला.

कॅमेरा, कार्ड आणि आधीचं सगळं शूटिंग भाऊंचं होतं, ते भाऊ त्याच संध्याकाळी घेऊन गेले. तौफिक पुन्हा लग्नं करतो, पण ड्रोनशिवाय. भाऊ निवडून आले. निकालाच्या पुढच्या आठवड्यात मोटर बसली. पाण्याच्या दिवशी कडुबा त्या फरशीवर जाऊन बसतात, कधी बाया सोबत असतात, कधी नसतात.

'सटकला सुभेदार' यूट्यूबवर आहे. शेवटी सुभेदार भाऊंच्या मांडीवर मरतो. तो कडुबा नाही, तोंडावर टोपी ओढलेला भाऊंचा मेव्हणा आहे. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण तिथपर्यंत कुणी पाहिलेलं नाही.