स्टेडियमच्या वाटेवरची चांदणी

नववीत शाळा सुटली तेव्हा माझ्या भूगोलात हॉलंड म्हणजे पवनचक्की आणि गाय, एवढंच होतं. पोलिसांचे घोडे नव्हते. ते इथे आल्यावर दिसले, अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या झुइडओस्ट भागात, मी चिकन रोल विकायचे त्या दुकानासमोर. नवरा हॉटेलात आचारी, त्याच्या परवान्यावर माझा परवाना. या देशाने राहू दिलं, कामही करू दिलं, म्हणून रस्ता रिकामा असला तरी मी लाल दिव्याला थांबायचे. धसका एकच होता. आपल्या हातून काहीतरी होणार, पोलीस नाव विचारणार आणि दोघांची घरी रवानगी होणार.

दिवाळीआधी जवळच्या हूफडॉर्प गावातल्या आयटीवाल्या मराठी ताईंनी बजावलं होतं, "दारात स्वस्तिक काढू नकोस हं! इथे त्याचा अर्थ भलताच होतो." नाही तर नाही. लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं. सकाळी दुकानाच्या छपराखाली ठिपके मांडले आणि दोन त्रिकोण एकमेकांत गुंफून मोठी निळी-पांढरी चांदणी काढली. माझी आई दर वर्षी काढायची तीच. चांदणीने कुणाचं काय वाकडं होणार?

त्या दुपारी पलीकडच्या स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती, अ‍ॅमस्टरडॅम विरुद्ध रॉटरडॅम. अ‍ॅमस्टरडॅमवाले मेट्रोतून उतरले आणि रांगोळी बघून एकच आरोळी उठली. एक ढेरपोट्या तर गुडघ्यावर बसला. त्याच्या दंडावर हुबेहूब तीच चांदणी गोंदलेली. भराभर रोल खपले. मला वाटलं, काय गुणाची माणसं! परक्याच्या लक्ष्मीला केवढा मान!

दुकानाच्या मालकीणबाई सुरिनामच्या, पणजोबा बिहारचे. त्यांनी कपाळावर हात मारला. "बेटी, ई तो यहूदी लोगन का तारा है!"

"मग हे सगळे ज्यू आहेत?" मी माझ्या हिंदीत विचारलं.

"एक भी नाहीं!"

बाईंनी सांगितलं, विरोधी संघवाल्यांनी कधीतरी यांना ज्यू म्हणून हिणवलं, तर यांनी तेच नाव अंगाला लावून घेतलं. धर्म नको, उपास नको, नुसता झेंडा. असा स्वस्तातला धर्म मी पहिल्यांदाच बघितला.

मग रॉटरडॅमवाले आले. त्यांना वेगळ्या आगगाडीनेच यावं लागायचं. उतरले की दोन्ही बाजूंना लोखंडी जाळ्या, पुढे-मागे घोडे. बाजारात बैल उतरवतात तसं. फक्त बैल गाणी म्हणत नाहीत. जाळी आमच्या दारावरूनच जात होती. चांदणी दिसली मात्र, सगळ्या तोंडांतून एकदम आवाज निघाला, स्सस्सस्स. मी आत धावले आणि शेगडीचे कॉक बंद केले.

"गॅस ही है, बेटी," बाई म्हणाल्या, "पर हमार नाहीं. जौन गॅस से यहूदी मारे गए, ऊ."

सोमवारी हीच माणसं बँकेच्या काउंटरवर बसून मला गोड हसणार होती. आमच्या गावात मशीद आली की मिरवणुकीतला ताशा हमखास चढायचा आणि फौजदार घड्याळाकडे बघत उभा राहायचा. तेव्हा मीही गर्दीत टाळ्या वाजवल्या होत्या. जाळीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, हे आता कळलं.

बिअरचा डबा येऊन काचेवर आदळला. एक उंच पोलीस घोड्यावरून उतरून आत आला.

"ही कुणी काढली?"

आता नाव विचारणार! बाईंनी तोंड उघडायच्या आत मीच बोट वर केलं, शाळेतल्यासारखं.

"पुसून टाका. लोक भडकतायत."

फुसफुसणाऱ्यांना कुणी हटकलं नाही. इतक्यांना कुठे कुठे पकडणार? रांगोळीवाली मात्र एकच होती, आणि हाताशी होती.

"साहेब, आज लक्ष्मी येते," मी मोडक्या डचमध्ये म्हटलं. "पुसत नाहीत. पण बदलते."

त्याने घोडा आडवा लावला. घोड्याच्या पोटाआड बसून मी कोपऱ्यांवर पाकळ्या चढवल्या. घाईघाईत पाकळ्या जरा जाडच झाल्या. चांदणीचं कमळ झालं. घोडा हलला, जाळीतल्यांनी बघितलं आणि तोंडं मिटली. फुलाला शिवी काय द्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पोलीस हसला. "तुमची टीम कुठली?"

"तुमची," मी म्हटलं. "घोड्यांची."

त्याने नाव विचारलं नाही. दोन रोल दिले, तर पैसे ठेवून गेला. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

संध्याकाळी हूफडॉर्पच्या ताई नवऱ्याला घेऊन मिठाई द्यायला आल्या. भाऊजी दारातच थबकले.

"अरे वा! कमळ! म्हणजे वहिनी आपल्या पक्षाच्या!"

"आपल्या म्हणजे कुणाच्या?" ताई फिस्कारल्या. "माझे वडील जन्मभर त्यांच्या विरोधात होते!"

"म्हणूनच देशाचं हे असं झालं!"

दोघांची चांगलीच जुंपली. मिठाईचा डबा त्यांच्याच हातात राहिला. पलीकडे मॅच सुटली होती, तो उंच पोलीस घोड्यावर बसून आमच्याच दिशेने बघत होता. मी खाली बसले, तळहाताने चांदणीसकट सगळ्या पाकळ्या मिटवल्या आणि मधोमध एकच ठिपका ठेवला. लक्ष्मीने तेवढ्यावर भागवून घ्यावं.